शहरातली झाडी, शेताचा बांध आणि पक्षी

(पक्षी सप्ताहानिमित्त शेतकरी व रोपवाटिकाधारकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. राज्य शासनाने २०२० साली या सप्ताहाला मान्यता दिली. या निमित्ताने शाळा-महाविद्यालयांत कार्यक्रम होतात, शहरातील लोक दुर्बिणी घेऊन टेकडीवर जातात. शेतकऱ्याचा मात्र या सप्ताहाशी काय संबंध, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. हे दिवस रब्बीच्या गडबडीचे आहेत. हरभऱ्याची पेरणी चालू आहे, कांद्याची रोपे तयार होत आहेत. अशा वेळी पक्ष्यांवर भाषण कशासाठी?

मी कृषिविद्या शिकवतो. माझा विषय पीक, जमीन आणि पाणी. पण पिकाच्या उत्पादनखर्चात फवारणीचा वाटा वाढत चालला आहे आणि हा खर्च काही अंशी फुकट वाचवणारा मजूर आपल्या शेतातून निघून जात आहे. तो मजूर म्हणजे पक्षी. तो कुठे जातो आणि का जातो हे समजून घ्यायचे असेल तर आधी शहरातल्या एका जुन्या बागेकडे पाहावे लागेल.

गणेशखिंडीची बाग

पुण्यात विद्यापीठाजवळ गणेशखिंड येथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. तुमच्यापैकी पेरू बागायतदारांना ते नावाने तरी माहीत असेल. ज्याला आपण सरदार किंवा एल-४९ म्हणतो, तो पेरू १९२७ साली याच ठिकाणी डॉ. चिमा यांनी अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून निवडला. ही बाग मात्र त्याहूनही जुनी, एकोणिसाव्या शतकातली. सुमारे ३३ हेक्टरचा हा परिसर २०२० साली शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. चारही बाजूंनी शहर वाढले, रस्ते रुंद झाले, इमारती उठल्या, तरी मधली झाडी टिकली.

पुण्यातील अशा जुन्या बागांत, टेकड्यांवर आणि महाविद्यालयांच्या आवारांत सकाळी तासभर थांबलात तर तांबट, बुलबुल, दयाळ, शिंजीर, शिंपी, कोतवाल, भारद्वाज, पिंगळा, शिक्रा असे दहा-पंधरा प्रकारचे पक्षी सहज दिसतात. नशीब असेल तर राखी धनेशाची जोडी दिसते. वड-उंबराला फळे आली की आपला राज्यपक्षी हरियाल थव्याने उतरतो. याउलट वीस एकर उसाच्या सलग पट्ट्यात, जिथे बांधावर एकही झाड उरलेले नाही, तिथे तासभर उभे राहून मोजा. गायबगळे, वेडा राघू, वटवट्या, एखादी टिटवी. यादी लवकर संपते.

शहरात धूर आहे, गोंगाट आहे. तरीही तिथे पक्षी आहेत आणि उघड्या रानात कमी, असे का? कारण पक्ष्याला हवा असतो तो पाच गोष्टींचा मेळ.

पक्ष्याच्या पाच गरजा

पहिली गरज वर्षभर अन्नाची. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक या झाडांना एकाच वेळी फळे येत नाहीत. एकाच जातीची दोन झाडेसुद्धा वेगवेगळ्या वेळी फळतात. त्यामुळे जिथे अशी आठ-दहा झाडे आहेत तिथे बहुतेक महिन्यांत कुठे ना कुठे फळ मिळते. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि सावर फुलतात. त्या वेळी इतर अन्न कमी असते, म्हणून साळुंकी, कोतवाल, बुलबुल, कावळे, शिंजीर अशी सगळी मंडळी या फुलांवर जमते.

दुसरी गरज घरट्याच्या जागेची. तांबट वाळलेल्या फांदीत स्वतः भोक पाडतो. पिंगळा, साळुंकी आणि पोपट आयत्या ढोलीत राहतात. धनेशाला तर मोठ्या झाडाची मोठी ढोली लागते. मादी आत बसते, विष्ठा आणि मातीने तोंड लिंपून घेते, एक फट ठेवते आणि कित्येक आठवडे नर तिला त्या फटीतून चारा भरवतो. ढोली शंभर वर्षांच्या झाडात तयार होते, पाच वर्षांच्या रोपात नव्हे.

तिसरी गरज झुडपांची. बोर, करवंद, तरवड, निरगुडी अशा दाट झुडपांत शिंपी, सातभाई, भारद्वाज यांचा संसार असतो. ज्या बागेत मोठी झाडे आणि खाली फक्त कापलेली हिरवळ आहे, तिथे हे पक्षी कमी दिसतात. चौथी गरज उघड्या गवताची आणि पाचवी पाण्याची.

आता लक्षात येईल की आपल्या आजोबांच्या शेतात या पाचही गोष्टी होत्या. विहिरीजवळ उंबर, बांधावर बाभूळ, बोर आणि हिवर, ओढ्याला निरगुडी आणि करंज, गायरानात गवत. पानमळा असेल तर शेवरी-पांगारा. शहरात आज जे पक्षी टिकले ते अशाच जुन्या झाडीच्या आश्रयाने. आपल्याकडे मात्र बांध कोरला गेला, ओढा सरळ झाला, झाड विकले गेले.

संख्या म्हणजे विविधता नव्हे

इथे एक खुलासा केला पाहिजे. शहरात पक्षी आहेत म्हणजे शहराचे सारे ठीक चालले आहे असे नाही. मोठ्या शहरांत पारव्यांची संख्या खूप वाढली आहे. इमारतींच्या कपारी आणि लोकांनी टाकलेले दाणे यांवर ते पोसले जातात. शंभर एकरांत एकच पीक भरघोस आले तर त्याला आपण पीकपद्धतीतील विविधता म्हणत नाही. तसेच हजार पारवे म्हणजे पक्ष्यांची विविधता नव्हे.

देशभरातील पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारित ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्या ३३८ जातींची दीर्घकालीन स्थिती ठरवता आली, त्यांपैकी २०४ जाती घटल्या आहेत, ९८ स्थिर आहेत आणि केवळ ३६ वाढल्या आहेत. वाढणाऱ्यांत मोर, पारवा आणि कोकीळ आहेत. घटणाऱ्यांत शिकारी पक्षी आणि उघड्या माळरानावरचे पक्षी मोठ्या प्रमाणात आहेत. तारेवर बसून नाकतोडे टिपणारा निळ्या पंखांचा नीळपंख, ज्याला काही भागांत चास म्हणतात, तोही घटणाऱ्यांत आहे. चिमणी देशात एकूण फारशी घटलेली नाही, पण महानगरांत ती कमी झाली आहे.

याचा अर्थ नीट पाहा. घटणारे अनेक पक्षी हे माणसाच्या घराचे नव्हेत, रानाचे आणि शेताचे आहेत. त्यांना शहरातील बाग वाचवू शकत नाही. नीळपंख बागेत येऊन राहणार नाही, त्याला शेतच हवे. त्याचे राहणे-जाणे तुमच्या हातात आहे.

पक्षी दाणे खातात, त्याचे काय?

हा प्रश्न प्रत्येक मेळाव्यात येतो आणि तो योग्य आहे. पोपट सूर्यफुलाचे, मक्याचे आणि पेरूचे नुकसान करतात. चिमण्या आणि सुगरणी ज्वारी-बाजरीवर उतरतात. मोर भुईमूग उकरतो. हे नुकसान नाकारण्यात अर्थ नाही.

पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. चिमणी आणि सुगरण मोठेपणी दाणे खात असल्या तरी आपल्या पिल्लांना प्रामुख्याने अळ्या आणि किडे भरवतात. सुगरणीचा विणीचा हंगाम पावसाळ्यात असतो, म्हणजे खरिपात किडी वाढतात त्याच काळात. साळुंकी, गायबगळा आणि कोतवाल अळ्या व नाकतोडे वेचतात. दिवसा शेतावर एका जागी पंख फडफडवत तरंगणारी कापशी आणि रात्री फिरणारे गव्हाणी घुबड हे मुख्यतः उंदरांवर जगतात. आपल्याकडे घुबडाला अशुभ मानतात. ज्याच्या गोठ्यात किंवा पडक्या वाड्यात घुबडाची जोडी आहे, त्याने तिला हुसकावू नये. पिल्ले असतील तेव्हा ही जोडी रात्रभर उंदीर आणत असते.

भारद्वाज गोगलगायी खातो. तथापि २०२२ साली लातूर, धाराशिव, बीड भागात सोयाबीनवर शंखी गोगलगायींचा जो प्रादुर्भाव झाला, तसा उद्रेक केवळ पक्ष्यांच्या जोरावर आटोक्यात येत नाही. तिथे गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकण्यासारखे उपाय करावे लागतात. पक्षी कीड शून्यावर आणत नाहीत. ते कीड कमी असताना ती वाढू देत नाहीत. त्यांचा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे.

पीक वाचवण्यासाठी दाणे भरण्याच्या काळात लाल-चंदेरी चमकणारी फीत शेतावर ताणावी, पेरू-डाळिंबाच्या फळांना पिशव्या घालाव्यात किंवा बागेवर ताणून घट्ट जाळी बसवावी. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात. विष घालून किंवा फासे लावून पक्षी मारू नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा ठरतो.

हरभऱ्यातील पक्षीथांबे

आता रब्बीत लगेच करता येण्यासारखी गोष्ट सांगतो. हरभऱ्यावरील घाटेअळी तुम्हाला नवी नाही. तिच्यासाठी हेक्टरी ५० म्हणजे एकरी २० पक्षीथांबे उभारावेत. बांबूची किंवा तुराटीची काठी घेऊन तिला वर आडवी काडी इंग्रजी टी अक्षरासारखी बांधावी. थांबा पिकापेक्षा एक-दीड फूट उंच असावा. खर्च जवळपास नाही, फक्त अर्धा दिवस लागतो. हरभरा पेरताना बियाण्यात हेक्टरी शे-दोनशे ग्रॅम ज्वारी मिसळली तर तीच ताटे पुढे नैसर्गिक थांब्याचे काम करतात.

थांब्यावर कोतवाल आणि साळुंकी बसतात, खाली पाहतात आणि अळी टिपतात. पीक फुलोऱ्यात येऊ लागले की पहिली फवारणी ५ टक्के निंबोळी अर्काची करावी. दर मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या की एचएएनपीव्ही हे विषाणूजन्य कीटकनाशक हेक्टरी ५०० एलई या प्रमाणात संध्याकाळी फवारावे, कारण उन्हातील अतिनील किरणांनी विषाणू निष्क्रिय होतो. या विषाणूने पक्ष्यांना अपाय होत नाही. उलट रोगट अळ्या खाल्लेल्या पक्ष्यांच्या विष्ठेतून तो शेतात आणखी पसरतो.

एक सावधगिरी घ्यावी. थांबे तृणधान्याच्या किंवा सूर्यफुलाच्या शेतात उभारले असतील तर दाणे भरू लागताच काढून टाकावेत. नाहीतर मदतीला बोलावलेला पाहुणाच ताटावर बसेल. आणि ज्या शिवारात झाडच नाही, तिथे थांबे मोकळेच राहण्याची शक्यता जास्त. थांबा म्हणजे पक्ष्याची दिवसाची खुर्ची. त्याला रात्रीचे घरही जवळ लागते.

विषाची काळजी

१९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनात नाकतोड्यांसाठी शेतांवर मोनोक्रोटोफॉस फवारले गेले. ते नाकतोडे खायला उत्तर अमेरिकेहून आलेले हजारो शिकारी पक्षी शेतातच मरून पडले. म्हणजे जो पक्षी कीड खायला आला, तोच कीडनाशकाने मेला. याच औषधाला आपल्याकडे भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी होती, तरी ते सर्रास मारले जात असे.

गिधाडांची गोष्ट तर आपल्या गोठ्यातून सुरू झाली. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे मेलेल्या जनावरांचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक काही वर्षांत संपली. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. २०२३ साली केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही आली. तेव्हा जनावराला माणसांसाठीचे इंजेक्शन टोचू देऊ नका. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे, तो पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरावा.

शेतात एवढे तरी पाळावे :

१. बीजप्रक्रिया केलेले बियाणे जमिनीवर उघडे सांडू देऊ नये. सांडल्यास मातीआड करावे.
२. दाणेदार कीटकनाशक वापरल्यास लगेच मातीने झाकावे. पक्षी ते दाणे किंवा खडे समजून टिपतात.
३. उंदरांसाठीचे विषारी आमिष बिळात आत ठेवावे, बांधावर पसरू नये. मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत, म्हणजे घुबड आणि कापशी वाचतील.
४. आर्थिक नुकसानीची पातळी गाठल्याशिवाय सलग शेतावर रासायनिक फवारणी करू नये.

बांधावर झाड, पण कुठे?

झाडाची सावली पडते आणि पीक मार खाते, ही तक्रार खरी आहे. कृषिविद्येच्या दृष्टीने मी प्रत्येक बांधावर वड लावा असे सांगणार नाही. पण जागा निवडता येते. रब्बीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे झाडाची सावली उत्तरेला पडते. म्हणून शेताच्या उत्तर हद्दीला रस्ता, ओढा, नाला किंवा पडीक जागा असेल तर तिथे झाडे लावावीत, म्हणजे सावली पिकावर येणार नाही आणि शेजाऱ्याशी वादही होणार नाही. वड, पिंपळ यांसारखी मोठी झाडे गायरानात, ओढ्याकाठी, शाळेच्या किंवा मंदिराच्या आवारात लावावीत. बांधावर बोर, हिवर, बाभूळ, शेवगा, पांगारा पुरेत. कुंपणाला करवंद किंवा निरगुडी लावली तर झुडपांची गरज भागते.

ज्यांनी चंदन लावले आहे किंवा लावायचा विचार आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावे की चंदनाचे बी रानात पसरवण्याचे काम बुलबुल आणि कोकीळ करतात. कडुनिंब, उंबर, बोर यांचीही रोपे न लावता बांधावर उगवतात ती पक्ष्यांमुळेच.

जे झाड आधीच उभे आहे, विशेषतः ढोली असलेले जुने झाड, ते तोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा. जळाऊ लाकडाचे पैसे एकदाच मिळतात. नागरी भागात तर २०२१ च्या सुधारणेनंतर ५० वर्षे आणि त्याहून जास्त वयाच्या वृक्षांना कायद्याने वारसा वृक्ष मानले जाते. शेतातल्या झाडाचा वारसा आपला आपणच मानायचा आहे.

रोपवाटिकाधारकांसाठी

आता तुमच्याकडे वळतो. शहरातील रस्त्यांवर, बागांत आणि सोसायट्यांच्या आवारात कोणते झाड लागणार हे बऱ्याच अंशी रोपवाटिकेत काय तयार मिळते यावर ठरते. गुलमोहर, नीलमोहर, पर्जन्यवृक्ष, सप्तपर्णी, शोभेचे ताड यांची रोपे मुबलक, म्हणून तीच लागतात. टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्प मोठ्या प्रमाणात लावले गेले, तेही लवकर वाढते आणि रोपे सहज मिळतात म्हणून. हल्ली देशी झाडांची मागणी वाढत आहे, पण मोठ्या उंचीची, सरळ खोडाची देशी रोपे वेळेवर मिळत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. ही तुमच्यासाठी संधी आहे. काही तांत्रिक बाबी ध्यानात ठेवाव्यात :

— कडुनिंबाचे आणि जांभळाचे बी फार काळ टिकत नाही. गोळा केल्यावर गर काढून शक्य तितक्या लवकर पेरावे. सावरीचे आणि पळसाचे बीही ताजे वापरावे.
— वड, पिंपळ, उंबराचे बी धुळीसारखे बारीक असते. ते वाळू व विटांच्या बारीक चुऱ्यावर पसरावे, वर मातीचा थर देऊ नये, झारीने हलके पाणी द्यावे.
— पांगारा, वड आणि नांद्रुक यांच्या पक्व, जाड फांद्या पावसाळ्याच्या तोंडावर लावल्यास फुटतात.
— मोठ्या रोपांच्या मुळ्या पिशवीत गुंडाळल्या जाऊ नयेत म्हणून वेळोवेळी मोठ्या पिशवीत बदली करावी. मुळे गुंडाळलेले झाड पुढे वादळात पडते.

ग्राहक आला की ‘फूल कोणत्या रंगाचे’ असे विचारतो. त्याला सांगा, या झाडावर हरियाल येईल, या झाडावर शिंजीर येईल. शहरातील माणसाला हे ऐकायला आवडते आणि तुमचे रोपही विकले जाते.

शेवटी

मित्रहो, या आठवड्यात प्रत्येकाने एक काम करावे. आपल्या शेतात सकाळी अर्धा तास फिरून कोणकोणते पक्षी दिसतात त्यांची नावे वहीत लिहावीत. नावे आपल्या भागातली, घरातली असली तरी चालतील. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की त्यांच्या लहानपणी यापेक्षा कोणते जास्त होते. पुढच्या वर्षी याच दिवशी पुन्हा लिहावे. पर्जन्यमापकाची नोंद ठेवतो तशीच ही नोंद आहे. यादी लहान होत असेल तर फवारणीचा खर्च का वाढतो याचे एक कारण तुमच्या वहीतच सापडेल.

आणि हरभऱ्याचे थांबे या आठवड्यातच तयार करून ठेवावेत. घाटेअळी पंचांग पाहून येत नाही.